२५ एच७ बोअर, ४ टक्के रिजेक्शन: दोषांचं विश्लेषण नेमकं कुठून सुरू करायचं?

बोअर_२५

जॉब साधा आहे. स्टीलचा बुश (नळीसारखा भाग), बाहेरून ३२ मि.मी., लांबी ३५, बोअर (आतलं भोक) २५ एच७, म्हणजे २५.००० ते २५.०२१ मि.मी. दोन अक्षांची सीएनसी लेथ, तीन जॉचा हायड्रॉलिक चक, सॉफ्ट जॉ (जॉबच्या मापाला कापून घेता येणारे मऊ जबडे). फिनिश बोअरिंगला वेगळा टूल, टूलच्या एका कडेवर (कापणाऱ्या धारेवर) साधारण ८० जॉब. शिफ्टला १६० जॉब निघतात आणि रिजेक्शन ४ टक्क्यांवर अडकलंय.

शिफ्ट संपली की रजिस्टरमध्ये ‘बोअर ओव्हर’, ‘बोअर अंडर’, ‘इतर’ असे आकडे भरले जातात. त्यावरून पॅरेटो (कोणत्या दोषाचा किती वाटा, याचा आलेख) काढला तर बहुतेक सगळा वाटा बोअरचा, आणि हे सगळ्यांना आधीच माहीत होतं. फिशबोन (संभाव्य कारणांची आकृती) काढला, त्यावर ३२ कारणं आली. ‘का-का’ (प्रत्येक उत्तराला पुन्हा ‘का?’ विचारणं) केलं की शेवटी ‘ऑपरेटरचं लक्ष नव्हतं’ इथेच गाडी थांबते. उपाय म्हणून ट्रेनिंग झालं, बोर्ड लागला, दुसरं इन्स्पेक्शन बसवलं. आकडा तोच. शिवाय १०० टक्के तपासणी असूनही ग्राहकाकडे अधूनमधून ओव्हरसाइज जॉब पोहोचतोच.

मोजणी अशी: मशीनवर एक मायक्रॉनचा डायल बोअर गेज, शिफ्टच्या सुरुवातीला सेटिंग रिंगवर (माहीत मापाच्या रिंगवर) शून्य केलेला. ऑपरेटर प्रत्येक जॉब मोजतो आणि फरक दिसला की लगेच ऑफसेट देतो, म्हणजे कंट्रोलरमध्ये टूलची जागा थोडी सरकवतो. फायनलला गो-नो गो प्लग: गो बोअरमध्ये जायला हवा, नो-गो जाता कामा नये.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. सुरुवात कुठून करावी? कोणती माहिती गोळा करावी? आणि दोष खरंच गेला हे कशावरून ठरवावं?

---

गेजरूम

रिजेक्शनच्या मागे लागण्याआधी मोजणीच्या मागे लागा. २१ मायक्रॉनच्या टॉलरन्समधले (मापाला दिलेल्या सुटीतले) सात-आठ मायक्रॉन गेजनेच खाल्ले, तर पुढचं सगळं विश्लेषण गेजचं होईल, प्रोसेसचं नाही.

गेज आर अँड आर करा, म्हणजे त्याच जॉबवर गेजची आणि माणसांची रीडिंग किती जुळतात ते तपासा. १० बुश घ्या, पण एकाच तासातले घेऊ नका. २५.००० च्या आसपासचे, मधले, वरच्या टोकाचे आणि एक-दोन रिजेक्ट असे सगळे हवेत. त्यांना नंबर टाका. रोज प्रत्यक्ष मोजणारे तीन ऑपरेटर घ्या, क्वालिटीची माणसं नकोत. प्रत्येकाने प्रत्येक बुश तीनदा मोजायचा, दर वेळी क्रम बदलून आणि आधीचं रीडिंग न पाहता. एकूण ९० रीडिंग. बुशच्या तोंडावर मार्करने रेघ मारा आणि सगळ्यांनी त्याच दिशेत, त्याच खोलीवर मोजा. नाहीतर बोअरचा लंबगोलपणा गेजच्या खात्यात जमा होतो. गेजचा फैलाव टॉलरन्सच्या १० टक्क्यांच्या आत, म्हणजे २.१ मायक्रॉनच्या आत असेल तर उत्तम. ३० टक्क्यांच्या वर, म्हणजे ६.३ च्या वर गेला तर थांबा आणि आधी गेज दुरुस्त करा. मधे असेल तर काम चालतं, पण सीमेजवळच्या जॉबवर निर्णय देताना जपून.

एकाच माणसाची तीन रीडिंग जुळत नसतील तर गेजमध्ये दोष आहे किंवा हात स्थिर नाही: अँव्हिल (गेजचं टेकणारं टोक) झिजलंय, सैल आहे, किंवा गेज झुलवून काटा जिथून उलटा फिरतो ते सर्वांत कमी रीडिंग घेतलं जात नाही. माणसामाणसांत फरक असेल तर पद्धत वेगवेगळी आहे.

आता तापमान. स्टील दर मीटरला दर अंशाला सुमारे ११.५ मायक्रॉन वाढतं. मशीनमधून नुकता निघालेला बुश रिंगपेक्षा २० अंशांनी गरम असेल, तर २५ मि.मी.वर जवळपास ६ मायक्रॉन मोठा दिसणार. मशीनवर २५.००४ दाखवून पास झालेला जॉब गार झाल्यावर २४.९९८ होतो. स्टीलचा जॉब आणि स्टीलची रिंग सारख्या तापमानाला असतील तर खोली नेमकी २० अंशांना नसली तरी फारसं बिघडत नाही. बिघडतं ते दोघांतल्या फरकामुळे. रिंगसुद्धा शिफ्टला एकदा नाही, तासाला एकदा लावून बघा.

प्लगबद्दल दोन गोष्टी. नो-गो एकाच तोंडाकडून घालता का? बोअरला टेपर असला किंवा एका टोकाला तोंड उघडलं असलं, तर तुमच्या बाजूने नो-गो अडकतो आणि ग्राहकाच्या बाजूने सरळ आत जातो. १०० टक्के तपासणीतून ओव्हरसाइज जॉब निसटण्याचं हे नेहमीचं कारण आहे. दुसरं, प्लगची झीज. झिजलेला गो बारीक होतो आणि अंडरसाइज बोअर पास करतो. झिजलेला नो-गो चांगल्या जॉबमध्येही शिरतो आणि तो रिजेक्टमध्ये जातो. कॅलिब्रेशनची तारीख पाहून भागत नाही, कॅलिब्रेशन रिपोर्टवरचा मायक्रॉनमधला आकडा बघा.

---

कंट्रोल_चार्ट

गेजरूम यांच्याशी सहमत, मोजणी आधी. त्यानंतर तुमचं रजिस्टर.

‘बोअर ओव्हर’ ही नोंद मोजायला बरी, विश्लेषणाला तिचा उपयोग नाही. शिफ्टच्या शेवटी बिनमधले जॉब मोजून आकडा लिहिला की तो जॉब *कधी* खराब झाला ही एकमेव मौल्यवान माहिती कायमची जाते. दोष सापडला त्याच क्षणी, मशीनपाशी, एक ओळ लिहिली गेली पाहिजे: वेळ, शिफ्ट सुरू झाल्यापासून कितवा जॉब, सध्याच्या कडेवरचा कितवा जॉब, चिन्हासकट रीडिंग, म्हणजे ‘ओव्हर’ नाही तर २५.०२४, बोअरच्या कोणत्या टोकाला, आणि त्याआधीच्या दहा जॉबांत काय बदललं: कड, ऑफसेट, मटेरियलचा लॉट, जेवणाची सुट्टी, काहीतरी अलार्म. कोण ऑपरेटर होता हा रकाना पहिल्या दोन आठवड्यांत ठेवूच नका. तो रकाना दिसला की बाकीचे रकाने खोटे भरले जातात, आणि त्यात ऑपरेटरची चूक नसते.

सोबत एक आलेख लावा. आडव्या अक्षावर जॉबचा क्रम, उभ्यावर बोअरचं रीडिंग. एका शिफ्टचे १६० ठिपके हाताने मांडले तरी चालतात. खराब ठिपके सगळीकडे विखुरलेत की झुंडीने येतात, एवढंच आधी बघायचं. पुढची सगळी दिशा या एका उत्तरावर ठरते.

हिशेब करूनच बघा. दर तासाला सलग ५ जॉब मोजा, असे २५ गट घ्या. समजा गटांची सरासरी रेंज (गटातलं सर्वांत मोठं वजा सर्वांत लहान माप) ६ मायक्रॉन आली. पाचच्या गटाला भाजक २.३२६, म्हणून गटातला सिग्मा (फैलावाचं माप) ६ ÷ २.३२६ = २.५८ मायक्रॉन. मग सीपी (टॉलरन्स भागिले सहा सिग्मा) = २१ ÷ (६ × २.५८) = १.३६. सरासरी २५.०१२ धरली तर वरच्या बाजूने सीपीके (सरासरीपासून जवळच्या मर्यादेचं अंतर भागिले तीन सिग्मा) ९ ÷ ७.७४ = १.१६. एवढ्या क्षमतेचं मशीन दहा हजारांत दोन-तीन जॉब खराब करेल. तुमच्याकडे दहा हजारांत चारशे होताहेत.

उलट बाजूने या. ४ टक्के रिजेक्शन दोन्ही बाजूंना साधारण सारखं वाटलं गेलं, तर एकूण सिग्मा ५ मायक्रॉनच्या आसपास असायला हवा. एकूण फैलाव ५.१ आणि सलग पाच जॉबांमधला २.६. वर्ग करून वजा केलं की एकूण चलनाचा (सिग्माच्या वर्गाचा) जवळपास तीन-चतुर्थांश भाग *दोन वेळांमधल्या फरकाचा* निघतो. सलग जॉबांमध्ये मशीन नीट चालतंय. मधेच कधीतरी काहीतरी बदलतं, आणि तेव्हा झुंडीने जॉब जातात. तुमची खरी रेंज वेगळी निघेल, पण हिशेब हाच.

आता तुमचा फिशबोन पुन्हा हातात घ्या. ३२ कारणांपैकी जी प्रत्येक जॉबवर सारखीच चालतात, जसं स्पिंडलच्या बेअरिंगमधला प्ले, बोअरिंग बारची लवचीकता, फाउंडेशनचं कंपन, ती सगळी गटातल्या फैलावात दिसली असती. ती तात्पुरती खोडा. तासाभरात बदलू शकतात तेवढीच ठेवा. ३२ ची बहुधा सहा-सात उरतील. संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शेव्हार्ट यांनी १९२४ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये पहिला कंट्रोल चार्ट मांडला तो नेमक्या याच भेदासाठी: कायम चालणारी कारणं वेगळी, मधेच घुसणारी वेगळी. शंभर वर्षं झाली तरी पहिल्या प्रकारच्या दोषावर दुसऱ्या प्रकारचा उपाय लावण्यात अजूनही खूप मेहनत वाया जाते.

आणि एक कळकळीची विनंती: प्रत्येक जॉबनंतर ऑफसेट देणं आजच बंद करा. हा ऑपरेटरचा दोष नाही, त्याला तसं शिकवलं गेलंय. पण प्रोसेस मुळात स्थिर असताना प्रत्येक जॉबचा फरक पुरेपूर भरून काढला, तर चलन दुप्पट होतं आणि सिग्मा १.४१ पट. गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग फनेल आणि गोटी घेऊन हेच दाखवायचे. तुमच्या आकड्यांत २.५८ चा ३.६५ होतो, सहा सिग्माचा फैलाव १५.५ वरून २१.९ मायक्रॉनवर जातो. टॉलरन्स २१ आहे. म्हणजे उत्तम मशीनवर निव्वळ काळजीपोटी रिजेक्शन तयार होतं.

पाचच्या गटाची सरासरी धरून मर्यादा काढा: २५.०१२ ± ०.५७७ × ०.००६, म्हणजे २५.००८५ ते २५.०१५५. सरासरी याच्या बाहेर गेली तरच ऑफसेटला हात. रेंजची वरची मर्यादा २.११४ × ६ = १२.७ मायक्रॉन. रेंज तिच्यावर गेली तर ऑफसेट देऊ नका, मशीन थांबवा. फैलाव वाढलाय, तो सरासरी हलवून कमी होत नाही.

---

सेटर_सीएनसी

वरचा हिशेब पटला, एक दुरुस्ती मात्र. बोअरिंगमध्ये कड झिजते तसा बोअर हळूहळू *लहान* होत जातो. हा कल प्रोसेसचाच भाग आहे, त्यामुळे एक्स-बारची (गटाच्या सरासरीची) सरळ मर्यादा दर कडेच्या शेवटी विनाकारण ओरडेल. मशीनपाशी प्री-कंट्रोल जास्त सोयीचं. टॉलरन्सचा मधला साधारण अर्धा भाग हिरवा: २५.००६ ते २५.०१५. दोन्ही बाजूंना उरतो तो पिवळा, टॉलरन्सच्या बाहेर लाल. सेटिंगनंतर सलग ५ हिरवे आले तरच उत्पादन सुरू. मग ठरावीक अंतराने सलग २ जॉब मोजा. पहिला हिरवा तर चालू द्या. पहिला पिवळा तर दुसरा बघा: दुसरा हिरवा असेल तर चालू, दोन्ही पिवळे एकाच बाजूला तर ऑफसेट, दोन पिवळे विरुद्ध बाजूंना तर थांबा. एक जरी लाल आला तरी थांबा. दोन ऑफसेटच्या मधे सरासरी सहा वेळा तपासणी होईल इतकं अंतर ठेवा. ऑपरेटरला गणित करावं लागत नाही. डायलवर हिरवी-पिवळी पट्टी चिकटवली की झालं.

कड नवी असताना बोअर २५.०१३ वर ठेवा आणि २५.००८ पर्यंत उतरू द्या. तीन सिग्मा, म्हणजे ३ × २.५८ = ७.७ मायक्रॉन धरले तर २५.०१३ + ०.००७७ = २५.०२०७ आणि २५.००८ − ०.००७७ = २५.०००३. दोन्हीकडे जेमतेम आत. म्हणजे झिजेला ५ मायक्रॉनची जागा मिळते. ८० जॉबांत कड त्यापेक्षा जास्त झिजत असेल, तर कडेच्या मध्यावर एक ठरलेला ऑफसेट द्या किंवा कडेचं आयुष्य कमी करा.

दोषाची दिशा बघा, तीच बोलते. हळूहळू अंडर होत गेला तर झीज. कड बदलल्यावर लगेच उडी मारली तर इन्सर्ट (टूलवरचं बदलता येणारं पातं). एम वर्गाच्या इन्सर्टला मापातच ±०.०५ मि.मी. किंवा आकार मोठा असेल तर त्याहून जास्त सूट असते, जी वर्गाला ±०.०२५. दोन्ही तुमच्या टॉलरन्सपेक्षा मोठ्या. त्यामुळे ‘कड फिरवली, जुनाच ऑफसेट ठेवला’ हे २५ एच७ ला चालूच शकत नाही. कड बदलली की ऑफसेट ०.१ ने आत घ्या, म्हणजे बोअर लहान राहील. पास मारा, मोजा, मग अंतिम ऑफसेट. आणि तो अंतिम पास किती खोल असेल याकडे लक्ष द्या. बार दाबाने वाकतो. व्यासावर ०.१ चा हलका पास मारून जे माप आलं ते ०.४ च्या नेहमीच्या पासला येत नाही, बोअर काही मायक्रॉन लहान निघतो. पहिला *पूर्ण* जॉब पुन्हा मोजल्याशिवाय सुटका नाही.

शिफ्टच्या सुरुवातीला किंवा लांब सुट्टीनंतर माप सरकत असेल तर मशीन गार आहे. एक्स अक्षाला लिनिअर स्केल (अक्षाची खरी जागा मोजणारी पट्टी) नसेल तर बॉलस्क्रूची (अक्ष हलवणाऱ्या स्क्रूची) वाढ थेट मापात येते. स्क्रूची ३०० मि.मी. लांबी ५ अंशांनी तापली तर १७ मायक्रॉन, तेही त्रिज्येत. व्यासात त्याच्या दुप्पट. कंट्रोलरच्या स्क्रीनवर मात्र तेच आकडे दिसत राहतात, म्हणूनच हे कारण सापडायला वेळ लागतो.

अचानक एकच जॉब मोठा, पुढचा पुन्हा ठीक, आणि बोअरच्या आत खरखरीत चट्टे: कडेवर मटेरियल चिकटतंय. कटिंग स्पीड वाढवून आणि कूलंटची धार थेट कडेवर आणून बघा.

---

बोअर_२५

मनापासून आभार. १० शिफ्ट नवीन तक्ता भरला. १६०० जॉबांत ६४ खराब, म्हणजे तेच ४ टक्के. पण या वेळी क्रमाने मांडल्यावर असं दिसतंय:

शिफ्ट सुरू झाल्यावरच्या पहिल्या १२ जॉबांत २७. कड बदलल्यावरच्या पहिल्या ५ जॉबांत १९, बहुतेक ओव्हर. कडेच्या शेवटच्या टप्प्यात ८, सगळे अंडर. उरलेले १० कुठेही.

या १० पैकी ७ मध्ये गो प्लग जात नाही, पण डायल २५.००५ ते २५.००८ दाखवतो. गेज आर अँड आर २२ टक्के आला.

आता ‘का-का’ कसं करू म्हणजे पुन्हा ऑपरेटरपाशी थांबणार नाही? आणि ग्राहकाला काय लिहून देऊ?

---

लाइन_क्वालिटी

फार चांगलं काम झालंय. ६४ मधले ५४ तीन ठिकाणी सापडले. आता हा एक प्रश्न उरला नाही, तीन-चार वेगळे प्रश्न झाले. त्यांचे ‘का-का’ही वेगवेगळे करा. सगळ्यांची एकच साखळी केली की ती ‘लक्ष नव्हतं’ इथेच जाऊन मिळते, कारण चार वेगळ्या गोष्टींत समान असा तेवढाच शब्द उरतो.

प्रत्येकाच्या दोन साखळ्या लागतात: दोष *झाला* का, आणि तो *निसटला* का. ग्राहकाच्या तक्रारीवर बहुतेक वेळा पहिलीच लिहिली जाते.

कड बदलण्याचं उदाहरण घेऊ. बोअर मोठा का झाला? नव्या कडेचं टोक जुन्यापेक्षा बाहेर होतं. ते मापात का आलं? जुन्याच ऑफसेटवर पूर्ण जॉब कापला. का? कड बदलण्याच्या सूचनेत ऑफसेट आत घेण्याची पायरीच नाही. का नाही? सूचना लिहिताना इन्सर्टचा वर्ग आणि बोअरचं टॉलरन्स शेजारी ठेवून कुणी पाहिलं नाही. इथे थांबा, कारण इथे हात घालता येतो. थांबायची कसोटी ही: ते कारण मुद्दाम चालू-बंद करता आलं पाहिजे, आणि त्याबरोबर दोषही यायला-जायला पाहिजे. ‘लक्ष’ चालू-बंद करता येत नाही, म्हणून ते कारण नव्हे.

निसटण्याची साखळी: नो-गो एकाच तोंडाकडून घातला. का? तपासणीच्या कागदावर बाजू लिहिलेली नाही. त्यात ‘दोन्ही तोंडांकडून’ हे शब्द घाला आणि बुशच्या ड्रॉइंगवर दोन बाण काढा. दुसरं इन्स्पेक्शन बंद केलंत तरी चालेल. मागे दुसरा तपासणारा आहे हे माहीत असलं की पहिल्याचा हात सैल पडतो आणि दुसरा पहिल्यावर विसंबतो.

उपायांत आधी ते, जे माणसाच्या आठवणीवर अवलंबून नाहीत. कंट्रोलरमध्ये टूल लाइफचा काउंटर चालू करा. ठरलेला आकडा आला की सायकल सुरूच होऊ नये. आकडा तुमच्याच तक्त्यावरून ठरवा, अंडर जॉब कड कितव्यावर असताना सुरू होतात ते बघून. वेअर ऑफसेटच्या एका वेळच्या नोंदीवर बहुतेक कंट्रोलरमध्ये मर्यादा घालता येते, ती ०.०२ ठेवा. ०.००५ ऐवजी ०.०५ टाइप होणं तिथेच अडेल. मात्र कड बदलताना ०.१ आत घ्यायचं आहे, ते प्रोग्रॅममधल्या वेगळ्या ऑफसेट नंबरने करा, नाहीतर ऑपरेटर ती मर्यादाच काढून टाकेल आणि तसं करण्यात त्याचं काही चुकलेलं नसेल. शिफ्टच्या सुरुवातीला १५ ते २० मिनिटांचा वॉर्मअप प्रोग्रॅम: स्पिंडल कामाच्या वेगाने, एक्स आणि झेड अक्ष कामाच्या पट्ट्यात मागे-पुढे, कूलंट चालू. रिकामा स्पिंडल फिरवून बॉलस्क्रू तापत नाही, अक्ष हलवावेच लागतात.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, दोष गेला हे कसं ओळखायचं. महिन्याचा एकूण टक्का बघत बसू नका, तो चार कारणांची खिचडी आहे. जिथे दोष राहतो तिथेच मोजा. १० शिफ्टच्या सुरुवातीचे १२० जॉब, त्यात २७ खराब, म्हणजे २२ टक्क्यांच्या वर. वॉर्मअप लावल्यावरच्या पुढच्या १० सुरुवातींत १२० पैकी दोन-तीन निघाले तर निर्णय स्पष्ट आहे. कड बदलण्याचंही तसंच: २० बदल, १०० जॉब, १९ खराब. पुढच्या २० बदलांत मोजा. मग दोन-तीन दिवस वॉर्मअप बंद ठेवा आणि दोष परत येतो का बघा. ही पायरी बहुतेक जण टाळतात, कारण मुद्दाम खराब जॉब काढावेसे वाटत नाहीत. पण वॉर्मअप बंद असतानाच दोष परत आला, तरच कारण सिद्ध झालं. नाहीतर हवामान बदलल्यानेही आकडा उतरलेला असू शकतो. त्या दिवसांचे पहिले जॉब वेगळ्या लाल ट्रेमध्ये टाका.

‘एकही खराब नाही’ याचा अर्थ जपून घ्या. सलग ३०० जॉबांत शून्य दोष आले तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की प्रमाण १ टक्क्याच्या आत आहे. हजारात एकाच्या आत म्हणायचं असेल तर सलग ३००० जॉब शून्य दोषांचे हवेत. ३ भागिले जॉबांची संख्या, एवढाच तो नियम.

ग्राहकाला लिहिताना ‘ऑपरेटरला समज दिली’ हे वाक्य काढा. झालेल्याचं कारण, निसटण्याचं कारण, चालू-बंद चाचणीचे आकडे, आणि कोणत्या तारखेनंतरचा माल नव्या पद्धतीने तपासलाय ते लिहा. वाटेतला आणि गोदामातला माल दोन्ही तोंडांकडून नो-गो लावून चाळून घ्या, तक्रार आलेला लॉट तेवढाच नाही. आणि इथून पुढे लाल जॉब निघाला की मागच्या चांगल्या तपासणीपासूनचे सगळे जॉब बाजूला, फक्त तो एक नाही. मोजणीचं अंतर ३० जॉबांचं असेल तर ३० जॉब पुन्हा मोजावे लागतील. अंतर किती ठेवायचं ते या ओझ्याकडे बघूनच ठरतं.

एफएमईएच्या (संभाव्य दोष आणि त्यांच्या परिणामांच्या) तक्त्यात ‘कड बदलल्यावर माप उडणं’ ही ओळ नसेल तर घाला, कंट्रोल प्लॅनमध्येही. हे दोन कागद बदलले नाहीत तर पुढच्या नव्या जॉबला हाच दोष नव्याने शोधावा लागेल.

---

गेजरूम

ते ७ जॉब. गो जात नाही आणि डायल मधलं माप दाखवतो, म्हणजे बोअर तीन कोपऱ्यांचा झालाय. तुमची भिंत साडेतीन मि.मी.ची. तीन जॉ तिला दाबतात, बोअर दाबलेल्या अवस्थेत गोल कापला जातो आणि जॉ सुटले की भिंत परत फुगते. अशा आकाराला दोन बिंदूंचा गेज कोणत्याही दिशेने घातला तरी जवळपास तेच माप येतं, कारण एका बाजूचा उंचवटा समोरच्या खळग्यासमोर पडतो. प्लग मात्र तिन्ही उंचवट्यांवर अडतो. तीन बिंदूंचा बोअर मायक्रोमीटर किंवा तीन जेटचा एअर प्लग (हवेच्या दाबाने मोजणारा) घेऊन जॉब हळूहळू फिरवा. काटा एका फेरीत तीनदा वर-खाली होईल.

उपाय चकमध्येच आहे. सॉफ्ट जॉ नेहमीच्या क्लॅम्पिंग प्रेशरवर, आत रिंग पकडून, नेमक्या ३२ च्या व्यासाला बोअर करा, म्हणजे जॉ तीन बिंदूंऐवजी पूर्ण कमानीने धरतील. फिनिश पासच्या आधी प्रेशर उतरवता येत असेल तर उतरवा, पण जॉब सरकत नाही ना हे आधी रफ पासवर तपासा. दाब कमी-जास्त करून प्रत्येकी ५ जॉब काढा आणि काट्याची तीन वेळची हालचाल मायक्रॉनमध्ये लिहा. दाबाबरोबर ती कमी होत गेली तर कारण पक्कं.

आणि २२ टक्क्यांच्या आर अँड आरमध्ये याचाही वाटा असू शकतो. रेघ मारूनही दोघांनी गेज दहा अंश इकडे-तिकडे धरला, तर दोन बिंदूंचं माप तीन कोपऱ्यांमुळे फारसं हलणार नाही, पण बोअर थोडा लंबगोलही असेल तर नक्की हलेल. जॉ नीट झाल्यावर तेच १० बुश पुन्हा मोजण्यात अर्थ नाही. नवे १० घ्या.